शाहू–ताराबाई यादवी (१७०७–१७३१): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवछत्रपतींचा काळ आपल्याला तोंडपाठ असतो. पेशवाईच्या लढायाही बऱ्याच जणांना ठाऊक असतात. या दोहोंच्या मधली पंचवीस वर्षे मात्र शाळेच्या पुस्तकात दोन परिच्छेदांत उरकली जातात. मराठ्यांच्या एका गादीच्या दोन गाद्या याच वर्षांत झाल्या आणि छत्रपतींच्या हातचा कारभार पेशव्यांकडे सरकू लागला तोही याच वर्षांत. या काळाबद्दल लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केले आहे.

ही यादवी नेमकी कोणाकोणात झाली?

चुलती आणि पुतण्यात. एका बाजूला संभाजी महाराजांचे पुत्र शाहू. दुसऱ्या बाजूला राजाराम महाराजांच्या राणी ताराबाई, ज्यांनी आपले अल्पवयीन पुत्र शिवाजी यांच्या नावाने राज्य चालवले होते. १७१४ पासून ताराबाईंच्या जागी त्यांच्या सवतीचा मुलगा संभाजी आला आणि भांडण चुलत भावांचे झाले. सुरुवात १७०७ च्या उन्हाळ्यात झाली आणि १३ एप्रिल १७३१ च्या वारणेच्या तहाने ते मिटले.

हे शाहू म्हणजे कोल्हापूरचे राजर्षी शाहू का?

नाही. आरक्षणाचा निर्णय घेणारे राजर्षी शाहू (१८७४–१९२२) कोल्हापूरच्या गादीवरचे. इथले शाहू त्यांच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधीचे, साताऱ्याच्या गादीवरचे. नावांचा गोंधळ इथेच संपत नाही. ताराबाईंचा मुलगा शिवाजी आणि राजसबाईंचा मुलगा संभाजी, दोघांनाही आजोबा-काकांची नावे ठेवली होती. जुने कागद वाचताना ‘संभाजीराजे’ दिसले की आधी साल बघावे.

शाहू महाराज मोगलांच्या कैदेत कसे गेले?

मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांना ठार केले. रायगडाला वेढा पडला होता. राजाराम महाराजांनी गडाबाहेर पडून लढा चालू ठेवावा, हा सल्ला येसूबाईंचा. स्वतःचा सात वर्षांचा मुलगा जवळ असताना त्यांनी दिराला पुढे केले. या निर्णयाचे मोल आपण अजून पुरते जाणलेले नाही असे मला वाटते. नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड पडला आणि येसूबाई व शाहू बादशहाच्या छावणीत गेले. गड घेणाऱ्या सरदाराला जुल्फिकार खान हा किताब मिळाला. त्याचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

शाहू त्या छावणीत साडेसतरा वर्षे राहिले. बादशहाने त्यांना सातहजारी मनसब, म्हणजे मोगल दरबारातला वरचा हुद्दा, दिली. बादशहाची मुलगी झीनतुन्निसा हिने त्यांच्यावर माया केली. धर्मांतराचा प्रसंग आला तेव्हा प्रतापराव गुजरांचे पुत्र खंडेराव यांनी शाहूंच्या ऐवजी स्वतः ते पत्करले. पुढे शाहू महाराजांच्या स्वभावात जी मवाळी दिसते, तिचे मूळ या साडेसतरा वर्षांत शोधावे लागते.

मग मोगलांनी त्यांना सोडले का?

१७०७ च्या सुरुवातीला अहमदनगरजवळ भिंगारला औरंगजेब वारला. त्याचा मुलगा आझमशहा तख्तासाठी उत्तरेकडे निघाला आणि शाहूंना बरोबर घेऊन गेला. भोपाळजवळ दोराहा येथे, मे १७०७ मध्ये, शाहू सुटले. सल्ला जुल्फिकार खानाचा. रायगड जिंकून ज्याने या मुलाला पकडले, त्यानेच अठरा वर्षांनी त्याला सोडायला सांगितले.

हेतू उघड होता. ताराबाईंच्या फौजा मोगली मुलखात थेट माळव्यापर्यंत धुमाकूळ घालत होत्या. त्यांच्यापुढे खरा वारस उभा केला की मराठे आपापसात गुंततील आणि आझमशहाची पाठ सुरक्षित राहील. शाहूंनी पळ काढला आणि आझमने काणाडोळा केला, असेही एक मत आहे. कसेही असले तरी येसूबाई आणि सावत्र भाऊ मदनसिंग ओलीस म्हणून मागेच राहिले. आझमला या डावाचा उपयोग झाला नाही. पुढच्याच महिन्यात तो आग्र्याजवळ जाजऊच्या लढाईत मारला गेला. डाव मात्र लागू पडला, तो पुढची चोवीस वर्षे.

गादीवर हक्क खरा कोणाचा?

सगळ्यांत जास्त वाद या प्रश्नावर होतात. दोन्ही बाजू नीट मांडल्याशिवाय उत्तर देणे बरे नाही.

शाहूंची बाजू सरळ आहे. थोरल्या छत्रपतींचे थोरले पुत्र संभाजी, त्यांचे पुत्र शाहू. थोरली पाती. राजाराम महाराजांनी जिंजीला गादी चालवली, तीसुद्धा पुतण्याच्या वतीने. शाहू एक दिवस परत येतील आणि राज्याचे धनी तेच, अशा आशयाचे राजाराम महाराजांचे पत्र आहे. गावातल्या पाटलालाही हा न्याय समजत होता, कारण वतनाच्या वाटण्या याच रीतीने व्हायच्या.

ताराबाईंचा युक्तिवाद वेगळ्या पायावर उभा होता. थोरल्या महाराजांनी मिळवलेले राज्य संभाजी महाराजांच्या काळात गेले. राजधानी गेली, किल्ले गेले. आज जे आहे ते राजाराम महाराजांनी आणि त्यांच्या पश्चात आम्ही नव्याने मिळवलेले आहे. शिवाजी या नावाने माझ्या मुलाला राज्याभिषेक झालेला आहे. मोगली छावणीत वाढलेल्या, मोगलांनी सोडलेल्या माणसाच्या हाती हे राज्य का द्यायचे?

राजाराम महाराज मार्च १७०० मध्ये सिंहगडावर वारले, तेव्हा हंबीरराव मोहित्यांची ही लेक पंचविशीत होती. त्यानंतरची सात वर्षे खुद्द औरंगजेब सह्याद्रीत एकेक किल्ला घेत फिरत होता. तो एक घ्यायचा, मराठे मागचा परत घ्यायचे. ही झुंज ताराबाईंनी चालवली. त्यांच्या युक्तिवादात स्वार्थ होता, मातृप्रेम होते, पण तो पोकळ नव्हता.

माझे मत विचाराल तर, वारसाहक्क शाहूंचा होता आणि राज्य राखल्याचे श्रेय ताराबाईंचे. दुर्दैव असे की गादी एकच होती.

ताराबाईंनी शाहूंना तोतया का ठरवले?

कारण हक्काच्या वादात थोरली पाती नाकारणे अवघड होते. माणूसच खोटा म्हटले की प्रश्न मिटतो. आणि हा आरोप त्या काळात अगदीच अविश्वसनीय नव्हता. सात वर्षांचा मुलगा गेला आणि पंचवीस वर्षांचा जवान परत आला. स्वराज्यात त्यांना ओळखणारे किती होते?

ताराबाईंनी आपल्या कारभाऱ्यांकडून आणि सेनापतींकडून दूधभातावर हात ठेवून शपथ घेवविली. परशुराम त्रिंबक हे प्रतिनिधी, म्हणजे छत्रपतींच्या वतीने कारभार पाहणारे अधिकारी. त्यांनी ती मनापासून घेतली. सेनापती धनाजी जाधव यांच्या मनात शंका होती. त्यांच्या गोटातले खंडो बल्लाळ चिटणीस शाहूंना गुप्तपणे भेटून आले आणि हे खरेच संभाजी महाराजांचे पुत्र आहेत अशी खात्री त्यांनी दिली. खंडो बल्लाळ हे चिटणिशी सांभाळणाऱ्या घराण्यातले. त्यांच्या वडिलांना संभाजी महाराजांनीच देहदंड दिला होता, तरी मुलाने इमान सोडले नाही. अशा माणसाच्या शब्दाला वजन होते.

शाहू परतले तेव्हा त्यांच्याजवळ फौज होती का?

सुटताना जवळजवळ काहीच नव्हती. नर्मदा ओलांडल्यावर बिजागडचा मोहनसिंग रावळ आला. खानदेशात अमृतराव कदम बांडे आले, वऱ्हाडाकडून परसोजी भोसले आले, नेमाजी शिंदे आले, हैबतराव निंबाळकर आले. लांबकानीला मुक्काम करून शाहूंनी माणसे जमवली. पत्रे पाठवली. ज्याला ज्याला वाटत होते की साताऱ्याच्या दरबारात आपल्याला जागा नाही, त्याला आता दुसरा धनी मिळाला.

वाटेत गोदावरीच्या खोऱ्यात पारद गावी पाटलाने गढीतून गोळीबार केला. गाव पडले, पाटील मारला गेला. त्याच्या बायकोने आपले पोर शाहूंच्या पालखीत आणून घातले. शाहूंनी त्याला आपले मानून वाढवले, विजयाची खूण म्हणून फत्तेसिंह नाव ठेवले. अक्कलकोट संस्थानचे मूळ पुरुष फत्तेसिंह भोसले ते हेच.

खेडची लढाई कशी झाली?

‘लढाई’ हा शब्द तिथे थोडा मोठाच आहे. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमेच्या काठी, आजच्या राजगुरुनगर आणि कडूसच्या परिसरात, दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. ताराबाईंच्या बाजूने धनाजी जाधव सेनापती आणि परशुरामपंत प्रतिनिधी. संख्या आणि अनुभव दोन्ही त्यांच्याकडे. मोगलांची झोप उडवणारा सेनापती त्या दिवशी मनाने लढाईत नव्हता. धनाजींनी हात आखडता घेतला, प्रतिनिधी एकटे झुंजले आणि हरून साताऱ्याकडे निघून गेले. पुढे धनाजी उघडपणे शाहूंना मिळाले आणि शाहूंनी त्यांचे सेनापतिपद कायम ठेवले.

निकाल रणांगणावर लागला नाही. तो आदल्या काही रात्रींत तंबूंमधल्या बोलण्यांनी लागला होता. ही बोलणी करणाऱ्यांत धनाजींच्या पदरचा, महसुलाचा हिशेब पाहणारा एक कोकणस्थ कारकून होता. बाळाजी विश्वनाथ भट.

या शपथांचा एक बळी सांगायलाच हवा. शंकराजी नारायण सचिव यांनी जिंजीच्या काळात देशावरचे किल्ले सांभाळले होते. ताराबाईंशी शपथेने बांधलेले, आणि समोर थोरल्या पातीचा धनी आलेला. त्यांनी या पेचातून सुटण्यासाठी स्वतःचे जीवन संपवले. शाहूंनी त्यांच्या लहान मुलाकडे सचिवपद चालू ठेवले. भोर संस्थान त्याच घराण्याचे.

साताऱ्याचा किल्ला कसा पडला?

परशुरामपंत किल्ला लढवायला तयार होते. किल्ल्यावरचा हवालदार शेख मिरा. त्याचे कुटुंब वाईला होते, ते शाहूंच्या हाती लागले. बायकामुलांना तोफेच्या तोंडी देण्याची धमकी दिली गेली असे बखरी सांगतात. शेख मिराने प्रतिनिधींनाच कैद केले आणि दरवाजे उघडले. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहूंना साताऱ्यात राज्याभिषेक झाला.

मग ताराबाई तिथेच का संपल्या नाहीत?

कारण सह्याद्री आणि पाऊस. १७०८ मध्ये शाहूंनी पन्हाळा आणि विशाळगड घेतले. ताराबाई रांगण्याला गेल्या. शाहूंनी रांगण्याला वेढा घातला, ताराबाई तिथून निसटून कोकणात मालवणकडे उतरल्या. पावसाळा लागला आणि वेढा उठवावा लागला. त्याच जूनमध्ये धनाजी जाधव वारले. शाहूंचा सर्वांत मोठा आधार गेला. पाऊस ओसरल्यावर ताराबाई परत वर चढल्या, पन्हाळा पुन्हा ताब्यात घेतला आणि १७१० पर्यंत तिथे दुसरी राजधानी उभी केली. कोल्हापूर राज्याची सुरुवात ही.

ज्यांनी औरंगजेबाला याच युक्तीने थकवले, त्या ताराबाईंना पुतण्यापुढे ती सुचली नसती तरच नवल.

दिल्लीच्या बादशहाने कोणाला छत्रपती मानले?

नवा बादशहा बहादूरशहा दक्षिणेत आपला भाऊ कामबक्ष याचा बंदोबस्त करायला आला होता. जानेवारी १७०९ मध्ये हैदराबादेजवळ ते काम झाले. त्याच्या दरबारात शाहूंच्या वतीने जुल्फिकार खान बोलत होता, ताराबाईंच्या वतीने वजीर मुनीम खान. दोघांचीही मागणी होती, दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या सरदेशमुखीची, म्हणजे वसुलाच्या दहाव्या हिश्शाची, सनद आम्हाला द्या. बहादूरशहाने निकाल असा दिला की तुम्ही आधी आपसात ठरवा, जो जिंकेल त्याला सनद मिळेल.

मला हा प्रसंग या सगळ्या काळातला सर्वांत लाजिरवाणा वाटतो. दोन वर्षांपूर्वी ज्यांना जिंकता आले नाही म्हणून एक बादशहा मेला, त्यांच्याच दोन गाद्या त्याच्या मुलाच्या दारात सनदेसाठी उभ्या होत्या.

सरदार इतक्या सहज बाजू का बदलत होते?

इमान नव्हते म्हणून, असे उत्तर सर्रास दिले जाते. ते अपुरे आहे.

शिवाजी महाराजांनी जहागिरी तोडून रोख पगाराची पद्धत आणली होती. औरंगजेबाच्या स्वारीत खजिना उरला नाही, राजधानी उरली नाही. लढणाऱ्या माणसाला द्यायचे काय? राजाराम महाराजांच्या काळात उत्तर निघाले, जो मुलूख मोगलांकडून सोडवशील तो तुझ्याकडे सरंजाम. मोगल वतने देऊन माणसे फोडत होते, तर मराठ्यांनाही वतने देऊन ती राखावी लागली. या व्यवस्थेनेच राज्य वाचले. पण लढाई संपल्यावर सरदाराजवळ स्वतःची फौज, स्वतःची ठाणी, स्वतःचा वसूल होता. त्याला राजा हवा होता तो सनदेवर शिक्का मारायला.

आणि आता शिक्के दोन होते. साताऱ्याने नाही म्हटले की पन्हाळ्याला जायचे. पन्हाळ्याने दटावले की साताऱ्याला. दोन्हीकडे जमले नाही तर मोगल सुभेदार होताच. चंद्रसेन जाधव, धनाजींचे पुत्र, शाहूंचे सेनापती. १७११ मध्ये बाळाजी विश्वनाथांशी बिनसले म्हणून ताराबाईंना मिळाले आणि पुढे दक्षिणेचा मोगल सुभेदार निजाम याच्याकडे जाऊन भालकीची जहागीर घेऊन बसले. बत्तीस शिराळ्याकडे उदाजी चव्हाण, पाटसच्या बाजूला दमाजी थोरात, खटावला कृष्णराव खटावकर, प्रत्येकाने आपापल्या भागात स्वतंत्र धनीपण सुरू केले होते.

घराणीसुद्धा वाटली गेली. परशुरामपंत प्रतिनिधींचा एक मुलगा कृष्णाजी कोल्हापूरच्या बाजूला जाऊन विशाळगडचा प्रतिनिधी झाला, दुसरा श्रीपतराव शाहूंचा प्रतिनिधी राहिला. औंधचे घराणे या साताऱ्याच्या बाजूचे. दोन्हीकडे एक माणूस असला की वतन बुडत नाही. याला कोणी कावेबाजपणा म्हणेल. मला त्यात अठराव्या शतकातल्या कुटुंबाची भीती दिसते.

कोल्हापूरकर रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे दायाद म्हटले आहे. दायाद म्हणजे भाऊबंद, वाटा मागणारे. राज्याच्या गादीवर भाऊबंदकी चालू असताना हा शब्द त्यांना सुचला, यात सगळे आले. रयतेची गत काय झाली असेल ते वेगळे सांगायला नको. सीमेवरच्या गावाकडे दोन्ही सरकारांचे कमाविसदार वसुलाला यायचे.

बाळाजी विश्वनाथ एवढे मोठे कसे झाले?

मूळचे श्रीवर्धनचे देशमुख. सिद्दीच्या त्रासाने वर घाटावर आले आणि धनाजींच्या चाकरीत महसुलाची कामे करू लागले. शाहूंना त्या वेळी शूर माणसांची वाण नव्हती. त्यांना हवा होता पैसा उभा करणारा आणि माणसे जोडणारा माणूस. चंद्रसेन फुटला तेव्हा शाहूंची फौज विस्कटली आणि बाळाजींनी कर्ज काढून नवी उभी केली. म्हणून १७११ मध्ये ‘सेनाकर्ते’ हा किताब.

यशाबरोबर मानहानीही होती. दमाजी थोराताने बेलभंडाऱ्याची शपथ घेऊन त्यांना बोलावले आणि कैद केले. खंडणी मिळेना तेव्हा राखेचा तोबरा तोंडाला बांधण्याची धमकी दिली. शाहूंनी खंड भरून सोडवले. याच प्रकरणात सचिवांच्या घराण्याकडून पुरंदर किल्ला बाळाजींकडे आला आणि सासवड-पुण्याच्या टापूत पेशव्यांचे बस्तान बसू लागले.

कळसाचा प्रसंग कान्होजी आंग्र्यांचा. आंग्रे ताराबाईंच्या बाजूचे. १७१३ मध्ये त्यांनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना पकडले आणि लोहगड घेतला. आता साताऱ्यावरच येणार अशी हवा होती. शाहूंनी १७ नोव्हेंबर १७१३ रोजी मांजरी येथे बाळाजींना पेशवेपद दिले आणि आंग्र्यांकडे पाठवले. बाळाजी लढले नाहीत. दोघेही कोकणचे, जुनी ओळख होती. १७१४ च्या सुरुवातीला करार झाला. कान्होजींनी ताराबाईंची बाजू सोडली, पिंगळ्यांना मोकळे केले, त्या बदल्यात सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, हे पद आणि किनारपट्टीचे किल्ले त्यांच्याकडे राहिले. एका कराराने ताराबाईंचे आरमार गेले.

बाळाजींनी आंग्र्यांना दिले ते त्यांच्याकडे आधीच होते. शाहूंना मिळाला तो मुजरा. पुढे प्रत्येक मोठ्या सरदाराशी हाच हिशेब झाला. छत्रपतींचे नाव सगळीकडे पोचले आणि छत्रपतींचा हुकूम साताऱ्याभोवती उरला.

१७१४ मध्ये पन्हाळ्यावर काय घडले?

ताराबाईंच्या सवत राजसबाई आणि त्यांचे पुत्र संभाजी यांनी गडावरच सत्ता उलटवली. ताराबाई आणि शिवाजी कैदेत पडले. रामचंद्रपंत अमात्यांचे यात अंग होते असे मानले जाते. संभाजी कोल्हापूरचे छत्रपती झाले. ज्या मुलासाठी ताराबाईंनी हे सगळे आरंभले, तो शिवाजी कैदेतच १७२७ च्या सुमारास देवीच्या साथीत वारला.

येसूबाई कधी परतल्या?

१७१९ मध्ये. म्हणजे रायगड पडल्यानंतर तीस वर्षांनी.

दिल्लीत दरबार हाती असलेले सय्यद बंधू आणि बादशहा फर्रुखसियर यांचे बिनसले होते. सय्यद हुसेन अलीने दक्षिणेत बाळाजींशी करार केला आणि मराठी फौज दिल्लीला गेली. फर्रुखसियर पदच्युत झाला. शहरातल्या दंगलीत हजाराहून जास्त मराठे कापले गेले, त्यात परसोजी भोसल्यांचा मुलगा संताजी आणि नाना फडणवीसांचे आजोबा बाळाजी महादेव भानूही होते. मार्चमध्ये स्वराज्य, चौथाई (वसुलाचा चौथा हिस्सा) आणि सरदेशमुखीच्या सनदा हाती आल्या.

त्या सनदांनी यादवीचा कागदोपत्री निकाल लागला, कारण त्या शाहूंच्या नावाच्या होत्या. पण साताऱ्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट दुसरी होती. मातोश्री घरी आल्या. मुलगा सुटल्यावरही बारा वर्षे त्या ओलीस होत्या, तोवर शाहूंना मोगलांशी बोलताना प्रत्येक शब्द जपून टाकावा लागत होता. त्यांना कमजोर म्हणणाऱ्यांनी ही बारा वर्षे विसरू नयेत.

निजाम या भांडणात कसा आला?

चौथाई द्यायची नव्हती म्हणून. १७२७ मध्ये त्याने म्हटले, छत्रपती दोन आहेत, खरा कोण ते ठरेपर्यंत पैसे कोणालाच नाहीत. निवाडा करणारा मीच. कोल्हापूरचे संभाजी त्याच्या छावणीत जाऊन बसले. निजामाने पुणे प्रांतात येऊन संभाजींच्या नावाने द्वाही फिरवली, म्हणजे राज्य त्यांचे असे जाहीर केले.

बाजीरावांनी पुणे वाचवायला धाव घेतली नाही. ते जालना, वऱ्हाड, खानदेश, गुजरात असे फिरत राहिले आणि शेवटी औरंगाबादेच्या रोखाने वळले. निजामाला पुणे सोडून मागे धावावे लागले. जड तोफखाना मागे राहिला. फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस वैजापूरजवळ पालखेडला तो पाण्यावाचून कोंडला गेला. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला, निजामाने शाहूंची चौथाई मान्य केली आणि संभाजींचा पक्ष सोडला. पालखेड ही युद्धशास्त्राच्या दृष्टीने फार गाजलेली लढाई आहे, पण तिच्या मुळाशी घरचे भांडण होते हे सहसा सांगितले जात नाही.

शेवट कसा झाला?

१७३० मध्ये संभाजी आणि उदाजी चव्हाण यांची छावणी वारणेच्या काठी पडली होती. श्रीपतराव प्रतिनिधींनी तिच्यावर अचानक छापा घातला. संभाजी पन्हाळ्याकडे निसटले. छावणी लुटली गेली आणि राजस्त्रिया हाती लागल्या, राजसबाई, संभाजींच्या राणी जिजाबाई आणि कैदेतल्या ताराबाईसुद्धा.

शाहूंनी सगळ्यांना मानाने परत पाठवायचे ठरवले. ताराबाईंनी नकार दिला. तिकडेही कैद, इकडेही कैद, मग इथेच राहते, असा त्यांचा सूर होता. वीस-बावीस वर्षे ज्याला तोतया म्हटले, त्याच पुतण्याच्या आश्रयाला त्या साताऱ्याच्या किल्ल्यावर राहिल्या.

फेब्रुवारी १७३१ मध्ये कराडजवळ जखिणवाडीला दोन्ही छत्रपती भेटले. संभाजींनी शाहूंच्या पायावर डोके ठेवले, शाहूंनी उठवून मिठी मारली. एप्रिलमध्ये वारणेचा तह झाला. नऊ कलमांचा. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे, कोकणात साळशीपासून खाली अंकोल्यापर्यंतचा भाग कोल्हापूरकडे, तुंगभद्रेपलीकडे रामेश्वरापर्यंतचा मुलूख दोघांत निम्मा निम्मा. कोपळ साताऱ्याने कोल्हापूरला दिले आणि बदल्यात रत्नागिरी घेतली. वडगावचे ठाणे पाडायचे. एकमेकांच्या शत्रूचे पारिपत्य करायचे.

आठवे कलम मला सर्वांत बोलके वाटते. इकडचे चाकर तिकडे ठेवू नयेत, तिकडचे इकडे. चोवीस वर्षे चाललेल्या आगीला सरपण कुठून मिळत होते, ते तह करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

मग शाहू जिंकले की हरले?

गादी जिंकले. गादीवरची सत्ता मात्र ज्यांनी जिंकून दिली त्यांच्याकडे गेली. प्रत्येक पाठिंब्याची किंमत मुलूख आणि हक्क देऊन चुकवल्यावर छत्रपतींजवळ हुजुरातीची, म्हणजे स्वतःच्या पदरची, लहान फौज, मान आणि शब्द उरला. शाहूंच्या शब्दाला शेवटपर्यंत किंमत होती, बाजीरावांपासून रघूजी भोसल्यांपर्यंत सगळे भांडून त्यांच्यापुढेच येत. पण ती शाहूंच्या स्वभावाची कमाई होती, वारसाने पुढच्याला देता येण्यासारखी नव्हती. १५ डिसेंबर १७४९ रोजी ते वारले आणि वर्षभरात सांगोल्याच्या कराराने उरलासुरला अधिकारही पेशव्यांकडे गेला.

ताराबाईंनी तोही मुकाट्याने जाऊ दिला नाही. शाहूंनंतर गादीवर आलेल्या, त्यांनीच आपला नातू म्हणून पुढे केलेल्या रामराजांकडून पेशव्यांविरुद्ध काही होत नाही असे दिसताच, नोव्हेंबर १७५० मध्ये, पंचाहत्तरीच्या या बाईने त्यांनाच साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले आणि गुजरातेतून दमाजी गायकवाडांना बोलावले. दमाजी हरले. १७५२ मध्ये जेजुरीला ताराबाई आणि नानासाहेब पेशव्यांनी एकमेकांना शपथा दिल्या. डिसेंबर १७६१ मध्ये, पानिपतानंतर काही महिन्यांनी, त्या वारल्या. शिवाजी महाराज हयात असताना जन्मलेली बाई पानिपताची बातमी ऐकून गेली.

या इतिहासाच्या खुणा आज कुठे बघता येतात?

कोल्हापुरात कावळा नाक्याला ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा आहे. साताऱ्यात अजिंक्यतारा आहेच, शहरातून कुठूनही दिसतो. पन्हाळा आणि रांगणा दोन्ही बघा. रांगण्याला पावसाळ्याच्या तोंडावर गेलात तर शाहूंनी वेढा का उठवला हे कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

आणि माहुलीला जा. साताऱ्यापासून जवळच, कृष्णा आणि वेण्णेचा संगम आहे. शाहू महाराजांची समाधी तिथे आहे, त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही आहे. ताराबाईंची समाधीही त्याच परिसरात, नदीकाठाला आहे. तिची अवस्था बघून मला दर वेळी वाईट वाटते. पुराच्या पाण्याने आणि गाळाने ती झिजली आहे, शोधत गेल्याशिवाय सापडत नाही. जाल तेव्हा गावात कोणालाही विचारा, वाट दाखवतात.